दुकान बंद झाल्यानंतरचे बारा तास
व्यापारी जागेच्या रात्रीच्या सुरक्षेची आखणी : कॅमेरे, कुलपे आणि किल्ल्यांचा हिशेब

रात्री साडेआठच्या सुमारास शटर खाली येते, कुलूप दोनदा ओढून पाहिले जाते, उंबऱ्याला हात लावून नमस्कार होतो आणि पेढीचा दिवस संपतो. सकाळी साडेआठला तेच शटर पुन्हा वर जाईपर्यंत बारा तास लोटतात. वर्षभराचा हिशेब मांडला तर कोणतेही दुकान जितका काळ उघडे असते, निदान तितकाच काळ ते बंद असते. त्या काळात माल आतच असतो, त्यावर बँकेचे व्याज चालूच असते आणि लक्ष ठेवणारे मात्र कोणी नसते. दिवसाच्या बारा तासांचे नियोजन पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. रात्रीच्या बारा तासांचे नियोजन बहुतेक ठिकाणी अजूनही एका कुलपावर आणि दैवावर सोडलेले असते.

पूर्वी तशी गरजही नव्हती. पुण्याच्या पेठा, सोलापूरच्या बाजारपेठा, नगरचा कापडबाजार, सांगलीच्या पेढ्या अशा सगळीकडे खाली दुकान आणि वर घर अशी रचना होती. माडीवर घरची माणसे झोपत, ओट्यावर एखादा जुना नोकर पथारी टाकी आणि गल्लीतून काठी आपटीत गुरखा फिरे. तिजोरीही घरातल्या माणसांच्या कानाखालीच असे. अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत १८९७ मध्ये कुलपे आणि त्यानंतर काही वर्षांतच तिजोऱ्या बनवण्यास आरंभ केला, तेव्हापासून त्या लोखंडी तिजोऱ्या अनेक पेढ्यांची ओळख होऊन बसल्या. परंतु त्या तिजोरीची खरी राखण वरच्या मजल्यावरचे कुटुंब करीत होते. आता ते कुटुंब उपनगरातील सोसायटीत राहावयास गेले आहे. माडीवर माल भरला आहे आणि ओट्याच्या जागी काचेचे दालन आले आहे. चोराच्या दृष्टीने हा फार मोठा बदल आहे. दुकानदाराच्या दृष्टीने तो अजून पुरता हिशेबात आलेला नाही.

कॅमेरा साक्षीदार आहे, पहारेकरी नव्हे

सुरक्षेचा विषय निघाला की पहिले वाक्य ऐकू येते, ‘आठ कॅमेरे बसवले आहेत.’ आठ कॅमेरे बसवणे म्हणजे आठ साक्षीदार उभे करणे होय. साक्षीदार चोराचा हात धरीत नाही; घडले ते नंतर सांगतो, तेही त्याला नीट दिसले असेल तरच.

सुरक्षेची आखणी करणारे तज्ज्ञ चार पायऱ्या मानतात. चोराला परावृत्त करणे, त्याचा सुगावा लागणे, त्याला विलंब लावणे आणि मदत पोहोचणे. उजेड, फलक आणि दिसणारे कॅमेरे पहिल्या पायरीचे काम करतात. शटरवरील चुंबकीय संवेदक, कंपन टिपणारे यंत्र आणि भोंगा दुसऱ्या पायरीचे. कुलपे, आतली जाळी आणि तिजोरी तिसऱ्या पायरीचे. शेजारी, पहारेकरी, पोलीस आणि मालक स्वतः चौथ्या पायरीवर येतात.

या चारही पायऱ्यांचा मेळ मिनिटांच्या हिशेबाने घालावा लागतो. समजा, शटरचे कुलूप तोडण्यास पाच मिनिटे लागतात आणि मालकाचे घर वीस मिनिटांवर आहे. शटर वर गेल्यानंतर कॅमेऱ्याने हालचाल टिपून मोबाइलवर सूचना पाठवली, तर मालक पोहोचेपर्यंत वीस मिनिटे दुकान चोराच्या स्वाधीन राहते. तेच संवेदक शटरलाच असेल आणि पहिल्या हिसक्याला भोंगा वाजला, तर कुलपाची पाच मिनिटे हाती लागतात. आत आणखी एक जाळीचा दरवाजा असेल आणि तिजोरी जमिनीत पक्की केलेली असेल, तर उरलेला वेळही भरून निघू शकतो. सारांश, सुगावा अडथळ्याच्या आधी लागला पाहिजे. अडथळे ओलांडून झाल्यावर लागलेला सुगावा म्हणजे केवळ बातमी ठरते. म्हणूनच खर्चाचा क्रमही तसाच असावा. आधी शटर, कुलपे आणि मागचा दरवाजा; मग उजेड व भोंगा; त्यानंतर कॅमेरे आणि शेवटी विजेवर चालणारी प्रवेशयंत्रणा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा क्रम उलटा लागतो, कारण कॅमेरा दिसतो आणि मागच्या दाराचा कुजलेला कोयंडा दिसत नाही.

आधी कागद, मग कॅमेरा

कॅमेरेवाला दुकानात येतो, भिंतींकडे नजर टाकतो आणि ‘चार पुढे, चार आत’ असे दर सांगून मोकळा होतो. त्यापूर्वी मालकाने स्वतः एक काम करावे. मोठ्या कागदावर जागेचा नकाशा काढावा आणि दुकान बंद झाल्यावर एका रात्री बाहेरून संपूर्ण फेरी मारावी. पथदिवा कोठे आहे, सावली कोठे पडते, शेजारच्या गच्चीवरून आपल्या पत्र्यावर उतरता येते काय, मागच्या बोळात कोणाची वर्दळ असते, एक्झॉस्ट पंख्याच्या भोकातून माणूस शिरेल काय, ही उत्तरे दिवसा मिळत नाहीत.

बाजार समितीच्या आवारातील नेहमीचा गाळा उदाहरणादाखल घेता येईल. पुढे मोठे शटर, मागे माल उतरवण्याचे दुसरे शटर, आत पोटमाळा, कोपऱ्यात काचेची केबिन आणि त्यात तिजोरी. अशा जागेस सहा कॅमेरे साधारणतः पुरतात. पुढील दारातून आत येणाऱ्याचा चेहरा टिपणारा एक, मागील दारासाठी तसाच दुसरा, तिजोरीकडे पाहणारा तिसरा, जिन्याच्या तोंडाशी चौथा आणि पुढील व मागील रस्त्याचा एकूण देखावा दाखवणारे दोन. प्रत्येक कॅमेऱ्यापुढे कागदावर एक प्रश्न लिहावा, ‘हा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार?’ ज्याच्यापुढे उत्तर लिहिता येत नाही तो कॅमेरा घेऊ नये.

कॅमेऱ्याला किती दिसते, याचेही गणित आहे. या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय मानकानुसार चित्रातील एक मीटर रुंदीवर किती चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, पडतात यावर सारे अवलंबून असते. माणूस आहे एवढे कळण्यास मीटरला २५ पिक्सेल पुरतात. तो काय करीत आहे हे दिसण्यास सुमारे ६२ लागतात. ओळखीचा माणूस ओळखण्यास १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवण्यास २५० लागतात. सर्रास विकला जाणारा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आडव्या रेषेत १,९२० पिक्सेल देतो. त्यास २५० ने भागले की उत्तर येते साडेसात मीटरांच्या आसपास, म्हणजे सुमारे पंचवीस फूट. याचा अर्थ असा की, पंचवीस फुटांहून रुंद देखावा दाखवणाऱ्या अशा कॅमेऱ्याकडून अनोळखी चोराची ओळख पटण्याची आशा धरू नये. पन्नास फूट रुंद रस्ता दाखवणारा कॅमेरा ‘आपला जुना नोकर होता’ एवढे फार तर सांगेल. रस्ताभर दिसतो म्हणून समाधान मानणारा मालक पोलिसांपुढे बसतो, तेव्हा पडद्यावर चेहऱ्याच्या जागी पाचसहा ठिपके असतात.

उंचीचीही तीच गोष्ट. शटरच्या पेटीवर बारा फुटांवर लावलेल्या कॅमेऱ्याला टोप्या आणि टकले दिसतात. चेहरा हवा असेल तर निदान एक कॅमेरा दाराच्या आत, सात-आठ फुटांवर, येणाऱ्याच्या समोर हवा. रात्री कॅमेऱ्याचा अवरक्त प्रकाश जवळच्या पांढऱ्या भिंतीवर वा छतावर आपटून परतला तर चित्र पांढरे पडते. कोळ्याचे जाळे भिंगासमोर चमकत राहते आणि मालकाच्या मोबाइलवर रात्रभर खोट्या सूचना येतात. आठवडाभरात त्या सूचनांचा आवाज बंद केला जातो आणि यंत्रणा असून नसल्यासारखी होते. शिवाय अवरक्त प्रकाशातील चित्र कृष्णधवल असते, त्यामुळे सदऱ्याचा रंग त्यात कळत नाही. मोक्याच्या जागी एक साधा दिवा रात्रभर चालू ठेवणे पुष्कळदा महागड्या कॅमेऱ्याहून उपयोगी ठरते. धान्य, हळद किंवा मिरचीच्या गोदामात धूळ भिंगावर बसते. तेथे महिन्यातून एकदा मऊ फडक्याने भिंग पुसणे हाही सुरक्षेचाच भाग होय.

चित्रण किती दिवस जपावे

चोरी नेहमी दुसऱ्याच दिवशी लक्षात येते असे नाही. गोदामातून आठवड्याला दोन पोती जात असतील तर ती साठ्याच्या मोजणीतच सापडतात आणि मोजणी महिन्याची असते. तोवर जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहिले गेलेले असते. म्हणून चित्रण किती दिवस जपावयाचे हे मालाच्या मोजणीशी जोडून ठरवावे.

हिशेब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या गतीने अखंड चित्रण करीत असेल तर दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा लागते. असे सहा कॅमेरे दिवसाला सुमारे १३० गिगाबाइट आणि तीस दिवसांत सुमारे ३,९०० गिगाबाइट भरतात. म्हणजे चार टेराबाइटची डिस्क जेमतेम महिनाभर पुरते. बिलावर लिहिलेल्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये महिन्याचे चित्रण राहील असे तोंडी आश्वासन कोणी देत असेल, तर हा गुणाकार त्याच्यासमोरच करून दाखवावा. हालचाल असेल तेव्हाच चित्रण करण्याची सोय वापरल्यास जागा बरीच वाचते. तुलनेसाठी सांगावयाचे तर, लॉकर असलेल्या स्ट्राँगरूमच्या प्रवेशद्वाराचे चित्रण बँकांनी किमान १८० दिवस जपावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या सूचनांत ठरवून दिले आहे. दुकानाला तितके नको. परंतु दोन मोजण्यांमधील अंतरापेक्षा ते कमीही नसावे.

चित्रण साठवणारे यंत्र कोठे ठेवले आहे, हा दुसरा प्रश्न. ते गल्ल्याच्या बाजूस, निळे दिवे लुकलुकवीत उघड्यावर ठेवलेले असते आणि जाताना चोर तेच उचलून नेतो. यंत्र कुलूपबंद, परंतु हवा खेळत्या पेटीत, नजरेआड ठेवावे. महत्त्वाच्या दोन कॅमेऱ्यांची तरी एक प्रत इंटरनेटद्वारे अन्यत्र जात असावी. कॅमेरे, यंत्र आणि राउटर या तिघांनाही यूपीएसचा आधार हवा. केवळ यंत्राला बॅटरी देऊन कॅमेऱ्यांची वीज मुख्य वाहिनीवर ठेवली, तर बाहेरचा खटका पाडताच यंत्र अंधाराचे चित्रण करीत बसते.

किल्ली कोणाकडे?

कॅमेऱ्यांची चर्चा हौसेने होते, किल्ल्यांची होत नाही. एखाद्या पेढीवर शटरच्या किल्ल्या एकंदर किती आणि त्या कोणाकोणाजवळ आहेत, असे विचारले तर उत्तर देण्यास वेळ लागतो. एक मालकाकडे, एक मुलाकडे, एक मुनिमाकडे आणि मग आठवते की, मागच्या दिवाळीत रंगाऱ्यासाठी एक जोडकिल्ली करवली होती.

आपल्या घरांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. चातुर्मासात सूर्यास्तापूर्वीच्या भोजनासाठी मालक घरी निघतो आणि त्यानंतरचे दोन-तीन तास दुकान नोकरवर्ग चालवतो. शटरही त्यांच्याच हातांनी खाली येते. पर्युषणात, संवत्सरीला किंवा सहकुटुंब यात्रेच्या दिवसांत पेढी बंद असणार हे साऱ्या बाजाराला आधीपासून ठाऊक असते. यात गैर काही नाही. मात्र आखणी करताना हे दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवावेत आणि त्या काळात किल्ली, गस्त व मोबाइलवरील सूचना यांची जबाबदारी कोणाकडे, हे नावानिशी लिहून ठेवावे.

बँकांत तिजोरीचा ताबा दोघांकडे असतो. एकाच्या किल्लीने ती उघडत नाही. हा नियम कोणा एकावरील अविश्वासातून आलेला नाही. दोन किल्ल्या असल्या की एकट्यावर आळ येत नाही आणि एकट्याला मोहही पडत नाही. पेढीतही तिजोरीपुरता हा दुहेरी ताबा पाळणे अवघड नाही. किल्ल्यांची एक नोंदवही ठेवावी. किल्लीचा क्रमांक, कोणाकडे दिली, कधी दिली, कधी परत आली, एवढे चार रकाने पुरतात.

जागा मोठी असेल, नोकर दहा-पंधराहून अधिक असतील किंवा एकाच इमारतीत दुकान, कचेरी आणि गोदाम असेल, तेथे कार्ड, सांकेतिक आकडे किंवा बोटाचा ठसा यांवर चालणारी प्रवेशयंत्रणा उपयोगी पडते. तिचा खरा लाभ दार बंद राहण्यात नाही, दार कोणी व केव्हा उघडले याची नोंद राहण्यात आहे. कार्ड हरवले तर कुलूप बदलावे लागत नाही. ते कार्ड तेवढे रद्द होते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे कार्ड त्याच दिवशी रद्द झाले पाहिजे आणि हिशेब चुकता करण्याच्या कागदावरच त्यासाठी एक ओळ असावी. सर्वांना मिळून एकच सांकेतिक आकडा देणे म्हणजे सर्वांना एकच किल्ली देण्यासारखे आहे. ठशाची यंत्रे कचेरीत ठीक चालतात. पण पोती उचलून हमालांची बोटे झिजलेली असतात, त्यावर हळद व गुळाचा थर असतो. यंत्र त्यांचा ठसा वारंवार नाकारते आणि शेवटी दार दगड लावून उघडे ठेवले जाते. तेथे कार्डच बरे.

नोंद असण्याचा सर्वांत मोठा लाभ प्रामाणिक माणसाला होतो. कुलूप न तुटता माल गेला तर पहिला संशय किल्ली बाळगणाऱ्यावर येतो. तीस वर्षे इमाने काम केलेल्या मुनिमाला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते आणि पुढे काहीच सिद्ध झाले नाही तरी मालकाच्या घरी त्याचे पूर्वीसारखे येणे-जाणे होत नाही. त्या रात्री दार कोणाच्या कार्डाने उघडले हे कागदावर असते, तर ही वेळ आली नसती. नोंदवही ठेवणे म्हणजे नोकरांवर अविश्वास दाखवणे, असे मानणाऱ्यांनी या बाजूचाही विचार करावा. रोकडवही ठेवल्याने कोणाचा अपमान होत नाही. किल्ल्यांच्या वहीनेही होऊ नये.

आत माणूस असेल तर

सुरक्षेच्या साऱ्या आखणीत एक प्रश्न मालाच्याही आधी विचारला पाहिजे. रात्री आत कोणी झोपते काय?

मे २०१९ मध्ये पुण्याजवळील उरुळी देवाची येथे एका साडीच्या दुकानाला पहाटे आग लागली. आत पाच कामगार झोपलेले होते आणि दाराला बाहेरून कुलूप होते. पाचही जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीच्या अनाज मंडी भागात कारखाने चालणाऱ्या इमारतीला पहाटे लागलेल्या आगीत ४३ जण दगावले; तेही आत झोपलेले कामगारच होते. मालाची राखण व्हावी म्हणून किंवा गावाहून आलेल्या मुलांची सोय व्हावी म्हणून दुकानात माणसे झोपवण्याची रीत बाजारात जुनी आहे. चोर आत येऊ नये यासाठी घातलेले कुलूपच आतल्या माणसाच्या जिवावर उठते, ही त्या रीतीची दुसरी बाजू आहे.

म्हणून नियम असा असावा की, आतून बाहेर पडण्यासाठी किल्ली, कार्ड वा आकडा यांपैकी कशाचीही गरज पडता कामा नये. मालाच्या दालनात कोणास झोपवू नये. पहारेकरी ठेवावयाचा असेल तर त्याची जागा बाहेरच्या बाजूस, मोकळी वाट असलेल्या ठिकाणी असावी. विजेवर चालणाऱ्या कुलपांचे दोन प्रकार असतात. विद्युतचुंबकीय कुलूप वीज असेपर्यंतच दार धरून ठेवते. वीज गेली की दार मोकळे होते. दुसऱ्या प्रकारात वीज गेली तरी बाहेरून दार बंदच राहते, परंतु आतून मूठ फिरवून उघडता येते. माणसांच्या वहिवाटीच्या दारास पहिला प्रकार, आगीच्या सूचनायंत्राशी जोडून, योग्य ठरतो. तिजोरीच्या खोलीस दुसरा. मात्र पहिल्या प्रकारच्या कुलपावर रात्रीची भिस्त ठेवू नये, कारण बाहेरून वीज तोडणाऱ्यालाही ते तसेच मोकळे होते. त्यास बॅटरीचा आधार आणि रात्री बाहेरून शटर असलेच पाहिजे. शटर लावण्यापूर्वी आत, पोटमाळ्यावर आणि स्वच्छतागृहात कोणी राहिले नाही, याची खात्री करणे हे त्या रात्री शटर लावणाऱ्या माणसाचे शेवटचे काम असावे.

चोरी झाल्यानंतरचा कागद

चित्रण हाती आहे म्हणजे पुरावा हाती आहे, असे कायदा मानत नाही. या बाबतीतील सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निवाडा महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात झाला. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील व्हिडिओ चित्रण हा त्यातील कळीचा पुरावा होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात जुलै २०२० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ यंत्रच हजर केले नसेल तर त्यावरून काढलेल्या प्रतीसोबत कायद्यातील प्रमाणपत्र आवश्यक आहे. तेव्हा हे कलम पुरावा अधिनियमातील ‘६५ ब’ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि ती तरतूद आता त्याच्या कलम ६३ मध्ये आहे. नव्या नमुन्यातील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरावयाचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात त्या फाइलची ‘हॅश’ संख्याही नोंदवावी लागते. फाइलमध्ये एक अक्षराचा बदल झाला तरी ही संख्या बदलते, म्हणून ती फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखी असते.

व्यापाऱ्याने यातून लक्षात ठेवावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. यंत्राचे बिल पेढीच्या नावाने असावे आणि त्यावर अनुक्रमांक लिहिलेला असावा. यंत्राचे घड्याळ बरोबर चालावे. चोरी पहाटे तीनची आणि चित्रावरील वेळ सायंकाळी सातची असली की उलटतपासणीत तेच पहिले शस्त्र होते. चोरीनंतर चित्रण मोबाइलने पडद्यावरून टिपून गटागटांत पाठवण्याची घाई करू नये. ११२ या क्रमांकावर कळवावे, जागेस हात लावू नये, नवे चित्रण जुन्यावर लिहिले जाऊ नये यासाठी पोलिसांच्या सूचनेने यंत्र थांबवावे आणि प्रत काढताना प्रमाणपत्राची तयारी त्याच वेळी करावी.

विम्याच्या पॉलिसीतील बारीक अक्षरे

बँकेकडे माल तारण असेल तर चोरीचा विमा घेतलेलाच असतो. परंतु तो वाचलेला क्वचितच असतो. बहुतेक पॉलिसींत चोरीपूर्वी बळाचा वापर होऊन जागेत शिरकाव झालेला असणे आवश्यक ठरवलेले असते. गोदामातील चोरीच्या एका प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पॉलिसीतील या शब्दांचा तसाच अर्थ लावला. म्हणजे जोडकिल्लीने शटर उघडून माल नेला आणि तोडफोडीची खूण नसेल तर दावा अडचणीत येतो. नोकराने केलेल्या अपहारासाठी निराळी, निष्ठा-हमीची पॉलिसी लागते. तिजोरी तिच्याच किल्लीने उघडली गेली असेल आणि ती किल्ली रात्री दुकानातच ठेवलेली असेल, तर रोकडीचा दावा बहुधा नाकारला जातो. अनेक पॉलिसींत जागा सलग सात दिवस व रात्री निर्मनुष्य राहिल्यास संरक्षण थांबते, अशीही अट असते. दीर्घ यात्रेस निघणाऱ्या कुटुंबांनी ही अट आवर्जून पाहावी आणि विमा कंपनीला आधी लेखी कळवावे.

शिवाय कमी रकमेचा विमा. साठ लाखांच्या मालाचा तीस लाखांचा विमा उतरवला आणि दहा लाखांची चोरी झाली, तर सरासरीच्या अटीनुसार पाचच लाख मिळतात. बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमधील आकडा, विम्याचा आकडा आणि प्रत्यक्ष साठा हे तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. कॅमेऱ्यांवर लाखभर खर्च करून हप्त्यात चार हजार वाचवणे हा हिशेब पेढीला शोभत नाही.

पाहणाऱ्यावरही लक्ष

इंटरनेटला जोडलेला कॅमेरा ही दुतर्फा खिडकी आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील हजारो कॅमेरे व चित्रण यंत्रे ताब्यात घेतली. कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी बदललेलाच नव्हता, हे त्याचे कारण. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, तो कॅमेरेवाल्याजवळ राहू देऊ नये आणि ज्या माणसांच्या मोबाइलवर चित्र दिसते त्यांची यादी वर्षातून दोनदा तपासावी. कॅमेऱ्यांच्या अशा सुरक्षेची तपासणी केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून सक्तीची केली आहे. नवी खरेदी करताना त्याचे प्रमाणपत्र मागावे.

कापड दुकानातील ट्रायल रूम आणि स्वच्छतागृह यांच्या दिशेने कॅमेरा असता कामा नये. तो भारतीय न्याय संहितेखाली गंभीर गुन्हा ठरू शकतो. शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावणारा कॅमेराही वळवून घ्यावा. ‘येथे कॅमेरे आहेत’ असा फलक दारात लावावा. तो ग्राहकाबद्दलचा आदर आहे आणि चोरासाठी इशाराही. पहारेकरी खासगी संस्थेकडून घेतला असेल तर त्या संस्थेकडे २००५ च्या कायद्याखालील परवाना आहे काय, हेही पाहावे.

वर्षातून दोन वेळा, एकदा दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी आणि एकदा मार्चअखेरच्या साठामोजणीच्या वेळी, तासभर काढावा. भोंगा वाजवून पाहावा. मुख्य वीज बंद करून यूपीएस किती वेळ चालतो ते घड्याळ लावून मोजावे. वीस दिवसांपूर्वीच्या पहाटे तीनचे चित्रण काढून पाहावे. ते निघाले नाही तर यंत्रणा चालू आहे हा समज होता, इतकेच. किल्ल्यांची वही आणि कार्डांची यादी जुळवावी. दिवे मालवून, दार लावून, आतून ते एका हाताने उघडता येते काय हे स्वतः करून पाहावे.

या तासाभरात घरातील पुढच्या पिढीने बरोबर असावे. मोबाइलवरील चित्र तरुणांना चटकन समजते. मागच्या बोळातला सैल कोयंडा आणि मुनिमाच्या मनातील संकोच वडीलधाऱ्यांच्या लक्षात येतो. दोघांनी मिळून फेरी मारली, म्हणजे शेवटी शटर खाली ओढताना आत काय आहे, कोण नाही आणि किल्ली कोणाकडे चालली आहे, हे दोघांनाही ठाऊक असते.